दोन यंत्रांचं पार्सल

गेल्या वर्षी फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी सव्वाअकरा वाजता माझ्या मोबाइलवर संदेश आला. परदेशातून मागवलेलं माझं पार्सल मुंबईत कस्टमकडे थांबलं होतं आणि ते सोडवायला शुल्क भरावं लागणार होतं. खाली लिंक होती. मी तो संदेश पुसून टाकला.

पार्सलमध्ये माझ्या वडिलांची बोलण्याची यंत्रं होती. सात वर्षांपूर्वी घशाच्या कर्करोगामुळे त्यांची स्वरपेटी काढावी लागली. तेव्हापासून ते टॉर्चएवढ्या एका यंत्राने बोलत. हनुवटीखाली गळ्याला टेकवून बटण दाबलं की यंत्र थरथरतं, ओठ आणि जीभ हलवली की त्या थरथरीचे शब्द होतात. आवाज सपाट, एकाच पट्टीतला येतो. जानेवारीच्या शेवटी ते यंत्र वडिलांच्या हातून मोरीतल्या भरल्या बादलीत पडलं. दोन दिवस उन्हात वाळवलं, मग पेठेतल्या घड्याळजीकडून उघडून पाहिलं. ते चाललं नाही. पुण्याच्या विक्रेत्याने दीड महिना थांबायला सांगितलं. एका परदेशी संकेतस्थळावर तेच यंत्र पंधरा दिवसांत पोचेल असं लिहिलं होतं.

मी एकच मागवणार होतो. वडिलांनी पाटीवर लिहिलं, ‘जोड घे.’

वडील आणि त्यांचे थोरले भाऊ यांनी सोलापुरात चाळीस वर्षं एकाच शेडमध्ये शेजारी शेजारी लावलेल्या दोन मागांवर चादरी विणल्या. मागावर आडवा धागा नेणारा धोटा कधी एकटा घेत नाहीत. एक तडकला तर त्याच वजनाचा दुसरा हाताशी हवा, नाहीतर माग बंद पडतो आणि दिवस जातो. वडिलांनी हा नियम घरातही आणला होता. आमच्याकडे कुलुपं दोन, चष्मे दोन, कंदील गेले तरी काचा दोन. मी दोन यंत्रं मागवली. आयात शुल्क ग्राहकाने भरायचं आहे, ही ओळ त्या पानाच्या तळाशी होती. मी दैनिकात उपसंपादक आहे, बारीक अक्षर वाचणं हे माझं काम आहे. ती ओळ मी वाचली नव्हती.

संदेश पुसण्याचं कारणही कामातलंच होतं. आदल्या रविवारी आमच्या पान तीनवर एक चौकट गेली होती: पार्सल कस्टममध्ये अडकल्याचे खोटे संदेश येत आहेत, लिंक उघडू नका, पैसे भरू नका. ती चौकट मी लिहिली होती. बुधवारी आणि गुरुवारी तसेच संदेश आले. तेही मी पुसले. गुरुवारच्या संदेशाचा स्क्रीनशॉट मी सहकाऱ्यांना नमुना म्हणून दाखवला.

याच आठवड्यात थोरल्या काकांना इस्पितळातून घरी आणलं. त्यांना आम्ही पेदनान्ना म्हणतो. आमच्या घरात तेलुगू बोलतात, पुढे घरातलं बोलणं मराठीत दिलं आहे. मधुमेहाने पेदनान्नांची दृष्टी चार वर्षांपूर्वीच गेली होती, आता मूत्रपिंडं गेली होती. ते होटगीला मुलीकडे राहत. तिचे यजमान रेल्वेत आहेत. डॉक्टरांनी तिला दहा-बारा दिवस सांगितले होते.

दोघं भाऊ रोज संध्याकाळी पाच वाजता फोनवर बोलत. पेदनान्ना त्या यंत्राची थट्टा करत. होटगी टेसनावरची बाई यापेक्षा गोड बोलते, म्हणत, निदान गाडी कुठल्या फलाटावर येते ते तरी कळतं. यंत्र पडल्यापासून हा फोन बंद होता. अक्काने, म्हणजे माझ्या चुलत बहिणीने, त्यांना कारण सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही. दिवाळीत वडिलांनी शेडमधले ते दोन्ही माग त्यांना न विचारता भंगारात दिले होते. शब्दाला शब्द लागला, आठवडाभर फोन झाला नाही, मग मिटलं. आता पेदनान्नांचं म्हणणं होतं, की ते मिटलेलं नाही.

अक्काने मला शुक्रवारी दुपारी फोन केला. ते दर तासाला विचारतात, म्हणाली. काय विचारतात, ते तिने त्यांच्याच शब्दांत सांगितलं.

“यंत्र मोडलं म्हणता. तीन आठवडे कुठलं यंत्र मोडलेलं राहतं? मी जातोय हे त्याला कळवलं का? कळवूनही बोलत नाही ना?”

फोन ठेवल्यावर मी विक्रेत्याच्या संकेतस्थळावर पार्सलचा क्रमांक टाकला. त्यावर नोंद होती: मंगळवारपासून ग्राहकाच्या प्रतिसादाची प्रतीक्षा. संदेश खरे होते.

कुरिअर कंपनीला फोन लागायला पन्नास मिनिटं लागली. शुल्क, कुरिअरचा हाताळणी आकार आणि गोदामाचं तीन दिवसांचं भाडं मिळून रक्कम माझ्या महिन्याच्या पगाराच्या निम्म्याहून जास्त होती. मी ती उभ्या उभ्या भरली. ओळखपत्राची प्रत पाठवली. पलीकडच्या बाईंनी सोमवारपर्यंत सुटेल असं सांगितलं.

शनिवारी नवा ईमेल आला. एकाच माणसाच्या नावे एकसारखी दोन वैद्यकीय उपकरणं असल्याने ती विक्रीसाठी आहेत का, याचा खुलासा मागितला होता. व्यापाराचा परवाना जोडा, किंवा दोन्ही यंत्रं एकाच रुग्णासाठी आहेत असं डॉक्टरांचं पत्र जोडा. मी पुन्हा फोन केला. एक यंत्र ठेवून घ्या, फेकून द्या, दुसरं सोडा, असं सुचवलं. ते शक्य नव्हतं. पार्सल एक, कागद एक, त्यातलं निम्मं सोडता येत नाही. शनिवारची दुपार होती. वडिलांची शस्त्रक्रिया केलेले डॉक्टर सोमवारी भेटणार होते.

मी सातरस्त्याजवळच्या कुरिअरच्या कार्यालयातही गेलो. तिथल्या माणसाने संगणकात पाहिलं आणि आपल्या हातात काही नाही असं सांगितलं. मग मला बसायला खुर्ची दिली.

“तुमी दोन कशाला मागवलं ओ, काका? एकच मागवलं असतं तर कवाच सुटलं असतं की.”

घरी आल्यावर मी वडिलांना पार्सलला उशीर होतोय एवढंच सांगितलं. त्यांनी पाटीवर लिहिलं, ‘का?’ मी कागदपत्रं म्हणालो. त्यांनी पुसून पुन्हा तेच लिहिलं. मग मी दोन यंत्रांची गोष्ट सांगितली. त्यांनी पाटी पालथी ठेवली. त्या दिवशी पुन्हा ती उचलली नाही.

रविवारी आम्ही होटगीला गेलो. पेदनान्ना खाटेवर होते, जागे होते. वडील उशाशी बसले आणि त्यांचा हात हातात घेतला. पेदनान्नांनी जावयाचं नाव घेतलं. अक्का म्हणाली, बाबा, चिन्नान्ना आलेत, तुमचा धाकटा भाऊ. पेदनान्ना म्हणाले, आला असेल तर बोलू दे. वडिलांनी ओठ हलवले. आवाज आला नाही, येणं शक्यच नव्हतं. माझ्या मोबाइलमध्ये लिहिलेलं वाचून दाखवायची सोय आहे. वडिलांनी पाटीवर लिहून दिलेलं मी त्यात टाइप केलं. मोबाइल तेलुगूत स्वच्छ, तरुण आवाजात बोलला. पेदनान्नांनी हात काढून घेतला.

“हा कोण परका माणूस आणलाय? एवढं करायला वेळ आहे, आणि त्याला यायला नाही?”

वडिलांच्या आवाजाची जुनी ध्वनिफीत कुणाकडेही नव्हती. यंत्राच्या आवाजाची त्यांना लाज वाटे, म्हणून ते कधी रेकॉर्ड करू देत नसत. अक्काने सगळ्या नातेवाइकांना विचारून पाहिलं. एका लग्नाच्या चित्रफितीत ते दिसतात, गप्प उभे आहेत.

सोमवारी सकाळी साडेनऊला मी डॉक्टरांच्या दारात होतो. ते शस्त्रक्रियेतून दीड वाजता बाहेर आले. त्यांनी पत्र लिहिलं: रुग्णाला या उपकरणावाचून बोलता येत नाही, दुसरं उपकरण राखीव म्हणून आवश्यक आहे. राखीव हा शब्द मी सुचवला. पत्र दोन वाजून दहा मिनिटांनी गेलं. मंगळवारी संध्याकाळी पार्सल सुटल्याची नोंद दिसली. बुधवारी पेदनान्नांनी खाणं सोडलं. अक्का म्हणाली, आता विचारतही नाहीत. त्या दिवशी मी पार्सलची नोंद किती वेळा उघडली ते मोजलं नाही.

गुरुवारी पार्सल सोलापुरात आलं. घरपोच मिळायला संध्याकाळ होईल असं समजल्यावर मी वडिलांना घेऊन कार्यालयातच गेलो. त्याच माणसाने गोणपाटातून खोकं काढून दिलं, सही घेतली, कात्रीही दिली. वडिलांनी तिथेच काउंटरवर एक यंत्र उघडून गळ्याला लावलं. बॅटरीत थोडं चार्जिंग होतं. ते काहीतरी म्हणाले. वाहनांच्या आवाजात मला ते ऐकू आलं नाही आणि त्यांनी पुन्हा सांगितलं नाही.

होटगीला आम्ही एक वाजता पोचलो. पेदनान्ना सकाळपासून शुद्धीवर नव्हते. श्वास चालू होता. वडील उशाशी बसले, यंत्र लावलं आणि म्हणाले, “अन्ना, मी आहे. यंत्र खरंच मोडलं होतं.” त्यानंतर ते बोलत राहिले. माग विकायला नको होते, हे त्यांनी तीन-चारदा सांगितलं. बाकीचं धोट्यांचं, चादरींच्या रंगांचं, शेडच्या पत्र्यांचं होतं.

पेदनान्नांचं बोट हललं, असं अक्का सांगते. ती उजवीकडे बसली होती. तिचे यजमान पायाशी होते, त्यांनी तसं काही पाहिलं नाही. मी पाणी आणायला आत गेलो होतो.

पाच वाजता पहिल्या यंत्राचं चार्जिंग संपलं. वडिलांनी खोक्यातून दुसरं काढलं. पेदनान्ना सहा वाजून वीस मिनिटांनी गेले.