बोरगावच्या रक्षाची उडी

पडदा वर जातो तेव्हा समोर वर्धा स्टेशनचा फलाट दिसतो. हिवाळ्यातली सकाळ. पत्र्याखालून तिरपं ऊन आत शिरलंय आणि नेमक्या त्या उन्हात, कुणीतरी वरून प्रकाशझोत सोडावा तसं, निळ्या ट्रॅकसूटमधल्या मुली आपापल्या बॅगांवर बसल्यात. जाळीत बांधलेले बॉल, पोळ्या आणि जवसाच्या चटणीचा भलाथोरला डबा, मागे चहावाल्याची आरोळी. आणि सगळ्यांच्या मधोमध, लांबलचक पाय पसरून बसलेली, सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत मोठ्या आवाजाची एक मुलगी. हीच आपली नायिका. रक्षा बंडूजी उमाटे, राहणार बोरगाव मेघे, वय बावीस.

"अंकिता, काढ वो डबा."

"अजून गाडी आली नाई अन् तू जेवून राह्यली?" शेजारची बुटकी, चपळ अंकिता म्हणाली. हिचं आणि रक्षाचं शाळेपासूनचं सूत.

"गाडी आली की जागेसाठी भांडा लागते. उपाशीपोटी भांडण होते का कुठं?"

मुली लातूरला निघाल्या होत्या, बास्केटबॉल खेळायला. आणि रक्षाला ठाऊक नव्हतं की या प्रवासातून ती दुसऱ्यांच्या खांद्यावर हात टाकून परतणार आहे. पण थांबा. नायिकेवर संकट आणण्याआधी तिची नीट ओळख व्हायला हवी.

बंडूजींचं बोरगावात किराणा दुकान. रक्षा आठवीत गेली आणि वरच्या फळीवरचे डबे काढायला त्यांना स्टुलाची गरज उरली नाही. एके दिवशी शाळेचे क्रीडाशिक्षक धनंजय सर साबण घ्यायला आले. पोरीनं नुसत्या टाचा उचलून वरच्या फळीवरचा खोका अलगद उतरवला, तेव्हा सर साबण विसरले.

"बंडूजी, ही पोट्टी उद्यापासून मैदानावर पाठवजा."

"अन् दुकानातला खोका कोण काढन?" बंडूजींनी विचारलं.

"स्टूल घ्या ना एक!"

बंडूजींनी स्टूल घेतलं. रक्षाच्या कारकिर्दीत तिच्या वडिलांनी केलेला हा पहिला त्याग. ते आजही तो प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवतात.

मग सुरू झालं ते फिरणं. एखाद्या नाटक मंडळीनं गावोगाव हिंडावं, तसंच या पोरींचं. जनरलच्या डब्यात पाच जणींच्या बाकावर आठ जणी. मुक्काम कधी शाळेच्या वर्गात बाकं जोडून, कधी धर्मशाळेत. खिडकीच्या गजाला वाळत घातलेले मोजे आणि बादलीसाठी पहाटेची रांग. एकदा तर रायपूरला मंगल कार्यालयातच उतरवलं. सकाळी जाग आली तर खाली वरात. पोरींनी काय करावं? वधूपक्षाला वाटलं, या वराकडच्या. वरपक्षाला वाटलं, वधूकडच्या. आणि सगळ्या पंगतीत बसून जिलेबी खाऊन सामन्याला गेल्या. जिंकल्याही.

लागणं-मोडणं तर नेहमीचंच. रक्षा गावं ओळखायची ती अंगावरच्या खुणांवरून. उजव्या हाताची वाकडी करंगळी म्हणजे जळगाव. ओठावरचे टाके म्हणजे भिलाई. भुवईवरची रेघ म्हणजे सांगली. आई कपाळाला हात लावायची, "अवो, या पोरीले करन कोण?" तर ही म्हणायची, "ज्याले भारताचा नकाशा पायजे तो."

गुडघा म्हणजे लातूर.

सिमेंटचं मैदान, दुपारची वेळ, सामना रंगात आलेला. बास्केटच्या कडीवर आपटून बॉल वर उडाला आणि रक्षानं झेप घेतली. त्या उडीचं वर्णन अंकिता अजूनही हात वर करून करते. बॉल मिळाला. पण खाली येताना रक्षाचा उजवा पाय जमिनीवर न पडता अंकिताच्या पावलावर पडला. तीही त्याच बॉलसाठी धावत आली होती. गुडघा आतल्या बाजूला वळला आणि सुकी काडी मोडावी तसा आवाज झाला. मैदानातल्या सगळ्यांनी तो ऐकला.

परतीच्या गाडीत गुडघा कवठाएवढा सुजला. आता इथं आपल्याकडच्या माणसांनी जे करायचं, तेच सगळ्यांनी केलं. एकीनं मोहरीचं तेल काढून रगडायला घेतलं. समोरच्या बाकावरच्या एका बाईंनी पदर खोचून विचारलं, "तुमच्यात कोणी पायाळू हाय का? पायाळूनं पाय लावला की लचक उतरते."

अंकितानं हळूच हात वर केला. ती पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेली.

"मग लाव ना माय पाय, पाहतं काय?"

आणि ज्या पावलावर पडून गुडघा गेला होता, तेच पाऊल अंकितानं, बूट काढून, त्या गुडघ्यावर टेकवलं. रक्षानं दात आवळले. एक कळ मस्तकापर्यंत गेली. तरी ती म्हणाली, "बरं वाटून राह्यलं." अंकिता तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत बसली, ती थेट वर्ध्यापर्यंत.

सेवाग्रामच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तेलाची आणि पायाळूची हकीकत निमूटपणे ऐकली. मग समजावलं. गुडघ्याच्या आतली, हाडांना धरून ठेवणारी दोरी तुटली आहे. ऑपरेशन करून मांडीमागचा स्नायूबंध तिथं बसवावा लागेल. साताठ महिने मैदान नाही.

"बाबांच्या दुकानातली सुतळी चालन का?" रक्षानं विचारलं. डॉक्टर हसले. बंडूजी मात्र हसले नाहीत.

त्यानंतरचे महिने ती दुकानाच्या गल्ल्यावर बसली, पाय समोरच्या साखरेच्या पोत्यावर ठेवून. गिऱ्हाइकं पाव किलो डाळ न्यायची आणि किलोभर सल्ला देऊन जायची. कुणी एरंडाचं पान सांगायचं, कुणी हाडजोडीचा पाला. एक म्हातारे तर रोज यायचे आणि "माह्या बैलाचंही असंच झालतं" म्हणून सुरुवात करायचे. बैलाचं पुढे काय झालं, ते रक्षानं कधी विचारलं नाही.

व्यायाम मात्र तिनं एकही चुकवला नाही. व्यायाम शिकवणाऱ्या रोशनी मॅडम कडक. "रडायचं असेल तर रड, पण मोजत रड," असं म्हणणाऱ्या. पाय भरला, चाल सुधारली, धावणं आलं. दिवाळी झाली आणि मॅडम म्हणाल्या, "आता उडी मारायला हरकत नाही. नवी दोरी पक्की आहे."

दोरी पक्की होती. पण रक्षाला उडी येईना.

म्हणजे वर जायचं जमायचं. प्रश्न खाली येण्याचा होता. हवेत असतानाच उजवा पाय आपोआप आखडायचा, आणि सगळा भार डाव्यावर घेऊन ती बगळ्यासारखी उतरायची. कितीही ठरवलं तरी तेच. धनंजय सरांनी चार दिवस पाहिलं आणि बाजूला घेतलं.

"रक्षा, जानेवारीत जिल्ह्याच्या संघाची निवड हाय, अन् निवडणार मीच. अशी एका पायावर उतरशीन तर दुसराही गुडघा जाईन. मी तुले घेणार नाई. वाईट वाटलं तरी चालन."

"अन् दोन्ही पायांवर उतरली तर?"

"तर पाहू."

ही गोष्ट त्या 'तर'ची आहे. शरीर तयार, मन तयार, आणि मधे एक पाय, जो मालकिणीचं ऐकत नाही.

त्याच आठवड्यात देवळीकडच्या खेड्यातून भागीरथा आत्याचा फोन आला. कापूस घरात मावत नव्हता, जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, न्यायचा होता आणि हाताला माणूस मिळत नव्हतं. मैदानावर जाऊन झुरण्यापेक्षा बरं म्हणून रक्षा गेली. अंगणात ट्रॅक्टरवाल्या नत्थूभाऊंची ट्रॉली उभी होती, चारही बाजूंनी बांबूचे उंच तट्टे बांधलेली. कापूस हलका आणि फुगीर. नुसता भरला तर अर्ध्या मालातच ट्रॉली काठोकाठ भरते. म्हणून कुणीतरी आत उतरून तो तुडवावा लागतो.

"मी चढतो," रक्षा म्हणाली. इकडच्या बायका 'चढतो'च म्हणतात.

"अवो बाप्पा! तुह्या पायाचं काही झालं तं बंडू मले उभी जाळीन," आत्या म्हणाली. "तू खाली बस, चहा पे."

"कापूसच तं हाय आत्या. दगड थोडीच हाय!"

ती चढली. आधी नुसती चालली. मग टाचा दाबत फिरली. खालून नत्थूभाऊ गठोडी आत भिरकावत होते आणि कापूस कमरेपर्यंत आला तरी दबत नव्हता.

"काय वो खेळाडू," नत्थूभाऊ ओरडले, "कापूस तुडवून राह्यली का त्याले थोपटून झोपवून राह्यली? आमची बुढी याच्यापेक्षा जोरात तुडवते!"

आत्या खदखदून हसली. आणि रक्षा पेटली. तिनं उडी मारली, धप्पकन पडली, कापसात बुडाली. उठली. पुन्हा मारली. नाकातोंडात तंतू, केसांत सरकी. तिसरी, चौथी, दहावी. उजवा पाय कुठं पडतोय ते बघायला सवडच नव्हती, कारण पाय दिसतच नव्हते. तेवढ्यात नत्थूभाऊंनी एक गठोडं जरा जास्तच वर फेकलं, तट्ट्यापलीकडे जाईल असं. रक्षा सवयीनं झेपावली, दोन्ही हातांत ते हवेतच पकडलं आणि खाली आली. कापूस दबलेला होता तिथं, चांगला घट्ट. ती उभी राहिली. दोन्ही पायांवर.

गठोडं छातीशी धरून ती कितीतरी वेळ तशीच उभी.

"काय झालं वो?" आत्यानं घाबरून विचारलं.

"काही नाई. अजून फेका ना भाऊ. वरून फेका."

दुसऱ्या दिवशी ती मैदानावर गेली, जोशात उडी मारली आणि थेट बगळा! सिमेंट दिसलं की पाय पुन्हा वर. रोशनी मॅडमना तिनं सगळं सांगितलं, तेव्हा त्या आधी कडाडल्या, "कापसात पाय वाकडा गेला असता म्हणजे?" मग टेबलावर बोटं वाजवत विचार केला.

"घरी गाद्या किती आहेत?"

"कापसाच्या? तीन."

"तिन्ही मैदानावर आण. एकावर एक घट्ट रच. एकदम सिमेंट नको. दर आठवड्याला एक काढू."

आता हे दृश्य डोळ्यांसमोर आणा. सकाळची वेळ, बंडूजींची स्कूटर, आणि मागे दोरीनं बांधलेल्या तीन गाद्या. वाटेत लोक विचारायचे, "बंडूजी, घर बदललं का?" मैदानावरच्या पोट्ट्यांनी तर तिचं नावच 'गादीवाली' पाडलं. "गादीवाली आली रे, उशी आण!" रक्षा त्यांना हात जोडून नमस्कार करायची आणि उड्या मारायला लागायची. बंडूजी रात्री गोधडीवर झोपायचे. तक्रार करायचे, पण सकाळी गाद्या बांधायला तेच पुढे.

एक गादी गेली. दुसरी गेली. तिसरी काढली त्या दिवशी ती पुष्कळ वेळ नुसतीच बास्केटखाली उभी होती. मग उडी मारली. पाय आखडला, तरी खाली आलाच. जरा उशिरा, जरा बिचकत, पण आला.

निवडीच्या दिवशी मैदानाच्या कडेला बंडूजी दुकान बंद ठेवून आले होते. दोन संघ पाडले. रक्षासमोर नेमकी अंकिता. आणि तिथं नवीच अडचण. रक्षा वर जाऊ लागली की अंकिता बाजूला सरके. एकदा, दोनदा, तीनदा. धनंजय सरांच्या कपाळाला आठी पडली. समोर कुणी नसताना उडी मारणारी खेळाडू त्यांना पारखता कशी येणार?

रक्षानं बॉल काखेत मारला आणि तिच्याजवळ गेली.

"तू काऊन सरकून राह्यली?"

अंकिता खाली बघत म्हणाली, "मले नाई जमत. तुह्याखाली पाय येते असं वाटते."

"येऊ दे. लातूरले मी बॉल पाहत होतो, तू बॉल पाहत होती. खेळात असंच पाहा लागते ना? का माह्या पायाकडे पाहत खेळतं तू?"

"रक्षे..."

"आज अंगावर नाई आली तं सर मले घेणार नाई. अन् मंग मी रोज तुह्या घरी येऊन बसन. पोळ्या तुलेच कराव्या लागन."

अंकिताला हसू आलं आणि डोळेही भरले. तिनं बाहीनं तोंड पुसलं.

त्या संध्याकाळी जाहीर झालेल्या संघात रक्षाचं नाव शेवटचं होतं, अंकिताचं पहिल्या पाचांत. सरांनी बजावलं की बहुतेक सामने बाकावर बसूनच बघावे लागतील. पण हे सगळं नंतरचं. पडदा पाडायचा तो त्याआधीच्या एका क्षणावर.

बॉल कडीवर आपटून उंच उडाला. दोघीही झेपावल्या, आणि या वेळी अंकिता सरकली नाही. हवेतच खांद्याला खांदा भिडला. रक्षा खाली आली, दोन्ही पाय टेकले, धक्क्यानं तोल गेला आणि ती सिमेंटवर सपशेल आडवी झाली. बॉल घरंगळत रेषेबाहेर गेला. खेळ थबकला. सरांची शिट्टी ओठांतच राहिली. अंकितानं दोन्ही हात तोंडावर नेले. बंडूजी कुंपण ओलांडून निम्म्या मैदानापर्यंत धावत आले.

रक्षा कोपरावर उठून बसली. खरचटलेला तळवा पॅंटला पुसला, उजवा गुडघा एकदा वाकवला, एकदा सरळ केला. मग सगळ्यांचे पांढरे पडलेले चेहरे पाहून ती वैतागून म्हणाली,

"थांबल्या काऊन सगळ्या? बॉल कोणाचा?"