शिशाच्या सहा पेट्या

कल्याण स्टेशनात मी तारमास्तर होतो तेव्हा आमच्या खात्यातला माणूस ओळखायची सोपी खूण होती. ज्याच्या धोतरातून पलीकडचं दिसतं, तो आमचा. याला कारण तेजाब, आणि तेजाबाला कारण आमचा साहेब. त्याने विलायतेहून शिशाच्या पत्र्यांच्या सहा बॅटऱ्या आणवल्या होत्या. काचेच्या उघड्या बरण्या, आत पाणी मिसळलेलं तेजाब, त्यात पत्रे उभे केलेले. तारेत खोट कुठे आहे हे शोधायला त्या ट्रॉलीवर ठेवायच्या आणि चार माणसांनी ट्रॉली रुळांवरून ढकलत आंबिवलीकडे न्यायची. रुळाचा सांधा आला की ट्रॉली उडायची, ट्रॉली उडाली की तेजाब उडायचं. माझी सात धोतरं या कामी आली. बायको म्हणायची, "तुमच्या धोतरांतून मी आता तांदूळ चाळते." खोटं नाही सांगत, चाळायची.

माझी धोतरं गेली तोवर साहेब हसत होता. मग एके दिवशी थेंब त्याच्या विजारीवर पडला, नको तिथे, आणि सरकारी काम एकदम निकडीचं झालं. मला बोलावून म्हणाला, "पाडव्यापासून वटपौर्णिमेपर्यंत या बॅटऱ्या सांडता कामा नयेत, आटता कामा नयेत, आणि त्यांत वरून एक थेंब पाणी घालायचं नाही. जमलं तर कल्याण. नाही जमलं तर कसारा."

कसारा म्हणजे घाटाचं तोंड. तिथे वाघ प्लॅटफॉर्मवर येऊन वेळापत्रक वाचतो असं मीच लोकांना सांगत असे. आता तिथे राहायची पाळी माझ्यावर, आणि बायकोला सहावा महिना. तिचं माहेर ठाण्याला. कल्याण सुटलं तर बाळंतपणाच्या वेळी मी एका टोकाला नि ती दुसऱ्या.

मी कामाला लागलो. सुताराकडून सागाच्या पेट्या करून घेतल्या, आतून डांबर फासलं, पत्र्यांमध्ये भुसा ठासून भरला. तेजाब भुशात मुरलं की हिंदकळायला उरतंच काय! वरून मेण आणि राळ ओतून झाकण असं बंद केलं की आतून यमसुद्धा बाहेर येणार नाही. पहिली पेटी वीज भरायला साहेबाच्या बंगल्यावर नेली, कारण वीज करणारं यंत्र त्याच्याकडेच होतं. दोन तास ठीक गेले. तिसऱ्या तासाला झाकण उडालं. ते दुर्गाडी किल्ल्यावर जाऊन पडलं असं गावात बोलतात. मी तसं म्हणत नाही, पण गावाला खोटं कशाला पाडू? साहेबाचा खानसामा मात्र त्या दिवसापासून माझ्याशी भिंतीआडून बोलायचा.

हे रडगाणं मी ठाण्याला मावशीपुढे गायलो. ती लोणच्याच्या बरण्यांना दादरा बांधत होती. न वळता म्हणाली, "अरे गाढवा, मुरणाऱ्या बरणीचं तोंड कुणी असं ठोकून बंद करतं? आतला वारा जाणार कुठे? फडकं बांधायचं. वारा जातो, मुंगी येत नाही."

इतकी इंग्रजी पुस्तकं मी उगाच चाळली! परत आलो, प्रत्येक झाकणात एक बारीक नळी बसवली आणि तिच्यावर रबराची टोपी चढवली. आत वायू दाटला की टोपी जराशी उचलायची, फुस्स करायची, पुन्हा बसायची. सहाही पेट्या भरल्या. एक उडाली नाही, एक पाझरली नाही. चैत्र गेला, वैशाख निम्मा सरला. ट्रॉलीवर मी पेटी उलटी धरून दाखवायचो आणि माणसं टाळ्या वाजवायची.

मग पेट्या ढेपाळल्या. आज भराव्यात, उद्या वीज दाखवणारा काटा हलायला तयार नाही. वीज भरताना त्यांतून असा झोंबरा वास यायचा की डोळ्यांना धारा. तेजाब बदलू तर अट मोडते. पत्रे बघू तर झाकण फोडावं लागतं. शेवटी वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी मी एक पेटी फोडलीच. एकीकडचे पत्रे वाळवीने खाल्ल्यासारखे. हात लावला की भुगा.

ट्रॉलीचा मुकादम शेजारी उभा होता. ठाण्याच्या खाडीकाठचा आगरी, पिढ्यान्‌पिढ्या मिठागरावर राबलेल्या घरातला, माझ्यावर जीव टाकणारा. तो वाकून बघत म्हणाला, "मास्तर, मीठ कमी परला का?"

"कसलं मीठ?"

"मी टाकतो ना. दर सोमवारी टोपी उचलून चमचाभर मिठवणी. मावशीचे लोनच्याची गोष्ट तुमीच सांगलीव. लोनचा बिनमिठाचा टिकतो का कवा?"

"अरे, हे लोणचं आहे का?"

"नाय, पण टिकवाचा हाय ना? आमचे आगराचा मीठ, एकदम सफेद."

"किती पेट्यांत टाकलंस?"

"सगल्यांन. एकाला दिला नि दुसऱ्याला नाय, असा माझेशी होत नाय."

मी डोक्यावर हात मारून तिथेच बसलो. शिशाच्या पत्र्याला मीठ म्हणजे विष. आणि या विषप्रयोगात पहिला हात माझाच. दादऱ्याची गोष्ट तिखटमीठ लावून साऱ्या ट्रॉलीला मीच ऐकवली होती. पेटीत काय घालायचं नाही, एवढंच सांगायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी फोडलेल्या पेटीचं झाकण राळेने चिकटवून साहेबासह ट्रॉली निघाली. शहाडचा पूल गेला, सांध्यामागून सांधा गेला. साहेबाच्या पांढऱ्या विजारीवर एक डाग नाही. आंबिवलीला ट्रॉली थांबवून त्याने तारा जोडल्या. काटा जागचा हलला नाही. त्याने सहाही पेट्या जोडून पाहिल्या, टोपीच्या कडेला वाळलेला पांढरा थर नखाने खरवडला आणि मला विचारलं, "टोपी कुणी उचलली?"

मुकादमाला इंग्रजी येत नव्हतं, पण साहेबाचं बोट टोपीकडे गेलेलं त्याने पाहिलं. तो पुढे सरकला. "तू गप," मी दातओठ खात त्याला म्हणालो. त्याची नोकरी साहेबाच्या एका शब्दाने जाणार होती, माझी फार तर बदली.

"मीच, साहेब," मी म्हणालो. "मिठाचं पाणी. प्रयोग म्हणून."

साहेबाने माझ्याकडे बघितलं. बहुधा इतका मूर्ख तारमास्तर त्याने आख्ख्या लाईनीवर पाहिला नव्हता. मग त्याने एक पेटी उचलली, उलटी धरली, हलवली, पुन्हा हलवली. एक थेंब पडला नाही.

आठ दिवसांनी हुकूम आला. मी कसाऱ्याला जायचं. आणि तिथे बसून अशाच बारा पेट्या करायच्या, मीठ वगळून.

"ही शिक्षा की बढती?" बायकोने विचारलं. ती ठाण्याला जायचं गाठोडं बांधत होती.

"साहेबाला विचार," मी खेकसलो. "मला कुणी काही विचारलंय का?"

"बारशाला तरी याल?"

मी तिकिटाच्या खिडकीकडे चालू लागलो. कसाऱ्याहून ठाण्याला परत यायला दिवसात गाड्या किती, ते आधी बघायचं होतं.