मागणारा गळा

जुनी रेकॉर्ड वाजवून पाहिल्याशिवाय मी भाव बोलत नाही. आज दुकानात एका बाईंनी रॉकचा एक काळोखा अल्बम विकायला आणला. गिटार गुरगुरत होती, पण गळा अमेरिकेतलं 'सोल' संगीत गाणाऱ्याचा होता, आर्त.

"नुसता रडतोय," मी भाव पाडायला म्हणालो.

"रडत नाही हो, मागतोय," बाई म्हणाल्या.

गरज दाखवली की आपला भाव पडतो, या शहाणपणावर मी दुकान उभं केलं. भांडून वेगळ्या झालेल्या धाकट्या भावाशीही त्याच शहाणपणाने अबोला धरला. चूक त्याचीच होती, आजही म्हणेन. पण हा गायक उघडपणे मागत होता आणि तरी कुठे लहान होत नव्हता.

"मला हवाय हा," मी बाईंना सांगून टाकलं. भावाला सांगणं अजून जमलेलं नाही.