फाटलेल्या आवाजातले शब्द

मंदार, मी जर्मनीला निघालो त्या दुपारी तू टॅक्सीत माझ्या बॅगा कोंबत होतास आणि अण्णा रामकुंडावरून तसेच ओल्या धोतराने आले होते. पंचवटीतल्या आमच्या गल्लीत टॅक्सी कसली शिरतेय, म्हणून सगळे कोपऱ्यावर उभे. आईने हातावर दही ठेवलं. अण्णा एवढंच म्हणाले, "घशाला जप. तिकडची थंडी वाईट." सकाळपासून यजमानांसाठी मंत्र म्हणूनही त्यांचा आवाज खणखणीत होता.

तू कॅनडाहून विचारलंस, ते गाणं अजून ऐकतोस का. तूच पेनड्राइव्हवर दिलं होतंस, नॉर्वेच्या ब्लॅक मेटल बँडचं, अकरा मिनिटांचं. गिटारची सलग घरघर आणि त्यावर जिवाच्या आकांताने किंचाळणारा माणूस. मिक्सर जळाला असं वाटून आई पिठाच्या हातांनी धावत आली होती. अण्णांनी मात्र दारात उभं राहून ते शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाले, "दम आहे गड्यात. पण घशातून ओरडतोय. पोटातून काढ म्हणावं, नाहीतर आवाज जाईल." मी शिव्या खायच्या तयारीत होतो, चाटच पडलो.

त्या किंचाळण्यात इंग्रजी शब्द आहेत हे तुलाही पटत नव्हतं. मी ते ऐकून ऐकून वहीच्या मागच्या पानांवर उतरवले, एकेका ओळीला आठवडा जायचा. बर्फात चालणारा एक माणूस हाका मारतोय आणि त्या कुणालाच कळत नाहीत, एवढीच गोष्ट निघाली. आई म्हणायची, या नादाचा उपयोग काय.

उपयोग झाला. अण्णांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि नुसती खरखर उरली. आईला काही कळेना आणि लिहायला त्यांचा हात थरथरायचा. मग व्हिडिओ कॉलवर आई फोन त्यांच्या तोंडाशी धरायची आणि मी इथून सांगायचो: उशी वर कर, खिडकी लाव, खिचडी अळणी झालीये. एवढ्या लांबून बापाचं बोलणं फक्त मला कळतं, याचा मला अभिमान वाटायचा. खोटं कशाला बोलू.

एका रविवारी आईने असंच विचारलं, "काय म्हणतायत रे?"

मी म्हणालो, "पाणी मागतायत."

अण्णा म्हणाले होते, "आता ये." दोनदा म्हणाले. माझं प्रोजेक्ट संपायला तीन आठवडे होते आणि रजा मागायची हिंमत नव्हती. आईला कळलं असतं तर तिने बोलावलंच असतं. अण्णांचे कान शाबूत होते, मी काय सांगितलं ते त्यांनी ऐकलं. आईने पाणी आणलं, अण्णा ते प्याले आणि स्क्रीनकडे बघत राहिले. त्यानंतर कॉलवर ते माझ्याशी बोललेच नाहीत.

मी पोचलो तेव्हा रामकुंडावर दुसरे गुरुजी अण्णांसाठी मंत्र म्हणत होते.

गाणं ऐकतो रे अजून. वहीतले शब्द पाठ आहेत, पण आता त्या किंचाळण्यात दुसरंच ऐकू येतं, म्हणून मध्येच बंद करतो. इथे कुणी घर कुठे विचारलं की नाशिक म्हणतो. नाशिकमध्ये आता फोन उचलणारी आई आहे. दर रविवारी ती कुणाची तरी खबर सांगते आणि फिरून तिथेच येते. "शेवटी माझ्या हातचं पाणी मागून प्याले हो," म्हणते.

मी हो म्हणतो.