मागच्या सभेचं इतिवृत्त

मंडळाच्या इतिवृत्ताच्या चार वह्या अजून माझ्या कपाटात आहेत. सगळं अक्षर माझं आहे. त्यांतल्या बऱ्याच वाक्यांना पेन्सिलीचे कंस आहेत, ते मात्र माझे नाहीत.

आमचा जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा झाला आणि वर्षभरात सगळ्यांना सगळंच वेगळं हवंसं झालं. तसं वेगळं साहित्य मंडळही निघालं. मी तेव्हा सडक अर्जुनीजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर होते आणि गुपचूप कथा लिहीत होते. महिन्याच्या शेवटच्या रविवारी एस.टी.ने गोंदियाला जायचं आणि वाचनालयाच्या माडीवर बसायचं. खोटं कशाला बोलू, पहिली दोन वर्षं मी त्या रविवारासाठी जगले. ‘सध्या काय लिहिताय?’ हे मला आयुष्यात पहिल्यांदा कोणी विचारलं ते त्या माडीवर. शाळेत फक्त पोषण आहाराचा तांदूळ आला का, एवढंच विचारत.

मंडळात बाई मी एकटीच. अक्षर चांगलं, म्हणून पहिल्याच सभेत इतिवृत्ताची वही माझ्याकडे आली. अक्षर वाईट असतं तर स्वागतगीत आलं असतं. अध्यक्ष निवृत्त प्राचार्य. वडिलांची राईस मिल, घरात पुस्तकांची कपाटं, आवाज भारदस्त. सभेचा क्रम ठरलेला. आधी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करायचं, मग कविता, मग अध्यक्षांचा समारोप आणि वेळ उरला तर कथा. कथा लांब असते, म्हणून शेवटी. वेळ कधीच उरत नसे. सर आपल्या रक्तदाबावरून नागपूरच्या प्रवासावर, तिथून आजच्या तरुण पिढीवर आणि फिरून रक्तदाबावर येत. माझी बस साडेपाचची. “मॅडम, तुमची कथा पुढच्या वेळी नक्की,” असं ते म्हणत आणि मी पिशवीची चेन लावी.

अशा भाषणाचा सारांश काय लिहिणार? आधी मी फापटपसारा काढला. मग दोन सुटी वाक्यं जोडू लागले. एकदा जोडायलाही काही सापडेना, म्हणून पदरचं एक वाक्य घातलं. पुढच्या सभेत मी ते वाचलं तेव्हा एक कवी, त्यांचं बाजारात कापडाचं दुकान होतं, म्हणाले, “वा सर, क्या बात कही थी आपने.” सरांनी मान किंचित झुकवली. ती झुकलेली मान मी विसरणार नाही. मला राग आला आणि, सांगायला लाज वाटते, गुदगुल्याही झाल्या. माझं वाक्य पंधरा माणसांनी गप्प बसून ऐकलं होतं. माझ्या नावावर मला तीन मिनिटं मिळत नव्हती, त्यांच्या नावावर दर महिन्याला दहा मिळत होती. मी ती घेतली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सात-आठ वर्षं मी त्या माणसाला विचार पुरवले.

आई माझ्याजवळ राहायची. तिनं उभा जन्म बिड्या वळल्या. मांडीवर सूप, पाय लांब केलेले, तोंडानं गप्पा चालू आणि बोटं आपली आपण चालायची. संध्याकाळी कारखान्याचा माणूस जुड्या सोडून बघायचा, मूठमूठ बिड्या खराब म्हणून छाटून बाजूला काढायचा, त्यांचे पैसे द्यायचा नाही आणि त्याही घेऊन जायचा. लहानपणी मी एकदा त्याच्यावर चिडले, तेव्हा आई हसून म्हणाली होती, “तो का त्या फेकते थोडीच? कोणीतरी ओढतेच न वो. छाटलेल्या बिडीचा धूर बी तसाच निंगते.”

एका वर्षी एका दिवाळी अंकाकडून माझी कथा परत आली. त्याच रविवारी सर शहरातले संपादक आपल्याला कसे विचारत नाहीत यावर पाऊण तास बोलले आणि काहीच बोलले नाहीत. घरी येऊन मी वहीत लिहिलं, ‘अध्यक्ष म्हणाले, आपल्या भागातली बिड्या वळणारी एक आई म्हणत असे की, छाटलेल्या बिडीचा धूरही तसाच निघतो.’ जीव जळत होता आणि ते ठेवायला मला दुसरी जागा नव्हती. पुढच्या सभेत मी हे वाचलं तेव्हा माडीवर कोणी चहाचा कप उचलला नाही. सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे एकदा पाहिलं. मला वाटलं, आता म्हणतील, हे मी बोललो नव्हतो.

ते म्हणाले, “कायम करा.”

मग ते वाक्य फिरू लागलं. शाळांच्या स्नेहसंमेलनात, ग्रंथदिंडीत, कुणाच्या तरी एकसष्टीत सर ते म्हणत आणि लोक माना डोलवत. पुढे ‘संदर्भासाठी’ म्हणून त्यांनी वह्या नेल्या, चार महिने ठेवल्या, पेन्सिलीचे कंस करून परत दिल्या आणि त्यांचा भाषणसंग्रह निघाला. आयत्या बिळावर नागोबा. पण बीळ मीच कोरून दिलं होतं, तक्रार कुणाकडे करणार? प्रस्तावनेत माझे आभार होते, सुवाच्य अक्षराबद्दल.

प्रकाशनाच्या पत्रिकेत शेवटी माझं कथावाचन छापलं होतं. मी तोंड उघडू नये म्हणून दिलेलं ते बक्षीस असावं. मी तेही घेतलं आणि आईला सांगून बसले. ती दर महिन्याला विचारायची, “जातेस त खरी, पन तू कवा बोलतेस?” त्या दिवशी तिनं चौदा एप्रिलच्या जयंतीला नेसायचं पांढरं लुगडं काढलं, गुडघे धरून एस.टी.त चढली आणि नीट ऐकू यावं म्हणून पहिल्या रांगेत जाऊन बसली.

तीन पाहुणे, तिघेही लांबलचक बोलले. शेवटच्यांनी पुस्तक उघडून वाचायला घेतलं, ‘माझी आई म्हणत असे...’ वहीतली ‘एक आई’ पुस्तकात ‘माझी आई’ झाली होती. राईस मिलच्या मालकीणबाई, म्हणजे सरांच्या आई, छापील पानावर मांडीवर सूप घेऊन बसल्या होत्या. सूत्रसंचालन माझ्याकडे, म्हणून मी माईकशेजारी उभी होते. मी आईकडे पाहिलं. ती ताठ बसून ऐकत होती. टाळ्या वाजल्या तेव्हा तिनंही वाजवल्या, सगळ्यांपेक्षा जास्त वेळ. मग सरांनी घड्याळ पाहून माझ्याकडे चिठ्ठी सरकवली आणि वेळेअभावी कथावाचन होऊ शकणार नाही, हे मीच माईकवरून जाहीर केलं.

स्टँडवर बस लागायची होती. आम्ही बाकावर बसलो. आई खुशीत होती.

“त्या सरांची माय बी बिड्या वळे काय वो?”

खरं सांगायला दोन वाक्यं पुरली असती. पण मग हेही सांगावं लागलं असतं की तिचं बोलणं तिच्याच पोरीनं दुसऱ्याच्या नावावर लिहून दिलं. कारखान्याचा माणूस निदान दारात येऊन न्यायचा. मी आपण होऊन पोचवलं होतं.

“हो,” मी म्हटलं.

“मंगच. ज्याच्या घरी वळल्या त्यालेच असं सुचते.” मग माझ्या पिशवीवर हात ठेवून, आत माझी कथा होती, ती समजुतीनं म्हणाली, “तू बी असं काहीतरी लिवत जाय, बाई.”