ब्रेकमधलं तेल
औषधाच्या दुकानात एरंडेलाचा वास आला की मला साठ सालच्या आसपासचं कानडी मुलखातल्या जयनगरचं आमचं अंगण आठवतं. तिथे अण्णानं, माझ्या थोरल्या भावानं, लष्कराच्या लिलावातली जुनी जीप आणून उभी केली होती. ब्रेकचं तेल सहज मिळत नसे, म्हणून तो एरंडेलात स्पिरिट मिसळून तेच घालायचा. एका आठवड्यात हे काम माझ्याकडे होतं. वहिनीनं एरंडेलाची बाटली मुलांच्या रविवारच्या जुलाबासाठी लपवून ठेवलेली, तेव्हा मी इंजिनचं तेल ओतून मोकळा झालो. रविवारी वहिनीला घेऊन आम्ही निघताना अण्णानं विचारलं, "एरंडेलच घातलंस ना रे?" "हो अण्णा." "सरी, ठीक आहे, बस मग." देवनहळ्ळीच्या पुढे उतारावर बैलगाडी आडवी आली. अण्णानं ब्रेक दाबला, पुन्हा दाबला. पेडल तळाला टेकलं तरी जीप थांबेना. शेवटी त्यानं ती बांधावर घातली. वहिनीचा हात मोडला. "झोपला होतात का हो?" ती कळवळून म्हणाली. "माझाच पाय उशिरा पडला असेल," अण्णा पुटपुटला. घरी मी ब्रेक उघडले, तर इंजिनच्या तेलानं आतलं रबर फुगून फाटलं होतं. ते मी गुपचूप बदललं. अण्णानं मरेपर्यंत पुन्हा गाडी चालवली नाही. वहिनी, त्याचा पाय वेळेवर पडला होता.