उष्टी बिडी

क्षयानं आमच्या घरातले आधी बाबा गेले, मग थोरला भाऊ. आता मी खोकतोय. आम्हा तिघांनाही चांद्याच्या दवाखान्यात बैलगाडीनं नेणारा शेजारी मात्र ठणठणीत. त्याचा म्हातारा बाप अजून पहाटे मोहफुलं वेचतो.

वाटेत रोग्यासोबत एकच बिडी आळीपाळीनं ओढायची, ही त्याची रीत. काल त्यानं माझ्याही ओठांतली काढून घेतली.

"नोको भाऊ, मले खोकला हाये."

"काऊन घाबरून राह्यले? आमच्या घरात हे कोणाले धरतच नाई."

झुरका घेऊन तो बैलांशी गप्पा मारू लागला. त्याची रुंद छाती बघून माझा जळफळाट झाला. मी बिडी परत मागितली. त्याच्या थुंकीनं ती ओली झाली होती, तरी पुसली नाही. त्याच्या रक्तातलं काहीतरी तिच्यातून माझ्यात उतरेल, अशा हावेनं ओढली.

आला तो खोकलाच.